इशबेलच्या हातावरचे वळ

"डोली... हे काय आहे?"

शोनाचा आवाज एवढा खाली गेला होता, की चुलीवरच्या किटलीच्या शिट्टीत तो बुडूनच गेला असता! पण डोलेनाने तो ऐकला. ऐकला, आणि तिच्या हातातली ओटच्या बिस्किटांची बशी तशीच टेबलावर टेकली.

झालं होतं एवढंच, की नऊ वर्षांच्या इशबेलच्या बाहीवर दूध सांडलं होतं, आणि ओला कपडा अंगाला लागलेला तिला क्षणभरही सोसत नसल्याने शोनाने घाईघाईने तिचा स्वेटर वर ओढला होता. त्या गोऱ्या, सडपातळ हातावर, कोपराच्या खाली दोन आडवे वळ होते, काळेनिळे, सरळ, जणू कुणी पट्टी ठेवून आखावेत तसे! शोनाने आधी वळांकडे पाहिलं, मग आपल्या मोठ्या बहिणीकडे. त्या नजरेत प्रश्न नव्हता... त्या नजरेत संशय होता!

"मला काय विचारतेस?" डोलेना म्हणाली.

"शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत रोज ती तुझ्याकडे असते. मग कुणाला विचारू?"

हे वळ डोलेना आज पहिल्यांदा पाहत नव्हती. सोमवारीही तिने ते पाहिले होते, तेव्हा ते ताजे, लालसर होते. आणि शनिवार-रविवार इशबेल कुणाजवळ होती? आपल्या आईजवळ! फक्त आईजवळ!

इशबेलला मात्र या दोघींशी काही देणंघेणं नव्हतं. कोरडा स्वेटर मिळताच ती भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शोना गिलिस आज बारा मिनिटं लवकर आली. डोलेना बीटन, माझं दाबणं राहिलं."

ती सगळ्यांना अशीच पूर्ण नावाने हाक मारी, जन्मदात्या आईलासुद्धा. तीन वर्षांपूर्वी हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांनी तिच्या कागदांवर ऑटिझम हा शब्द लिहिला होता. तो वाचून शोना गाडीत बसून रडली होती, आणि डोलेना मात्र घरी येऊन पोरीच्या शेजारी जमिनीवर बसली होती, ही मुलगी आहे तरी कशी ते बघायला. बघता बघता तिला एक गोष्ट उमगली होती. शाळेतून इशबेल यायची ती सगळ्या अंगाने ताठलेली, डोळे विस्फारलेली, कानांवर तळवे घट्ट धरलेली. अशा वेळी गोड बोललं तर ती किंचाळायची, हलक्या हाताने कुरवाळलं तर चटका बसल्यासारखी उडायची. पण दोन्ही हातांनी तिचे दंड, मग मनगटं, सावकाश आणि भक्कम दाबून धरली, की तिचा श्वास खाली बसायचा... जणू वाऱ्यावर भरकटलेल्या जिवाला कुणी जमिनीवर आणून ठेवलं! रोज चार वाजता, पंधरा मिनिटं. डोलेनाच्या एकाकी आयुष्यातली ती सर्वांत पवित्र पंधरा मिनिटं होती.

"आज नाही दाबणं," शोना तुटकपणे म्हणाली. "चल."

तिने मुलीला स्वेटरच्या बाहीला धरून ओढत गाडीपर्यंत नेलं. हाताला नाही, बाहीला! डोलेना खिडकीतून पाहत राहिली, आणि तिच्या काळजात एक जुनी, थंड भीती हलली.

ती भीती बापाची होती. दोघींचे वडील कोळशाच्या खाणीत राबले, तिथली घुसमट घेऊन घरी आले आणि ती त्यांनी हातांनी बाहेर काढली. आई गेली तेव्हा शोना सहा वर्षांची होती, डोलेना एकोणीस. त्यानंतर बापाचा हात उठला, की मध्ये डोलेनाची पाठ असे. शोनासाठी तिने जवळच्या सिडनी शहरातली नोकरी सोडली, लग्नाचं विचारायला आलेल्या भल्या माणसाला परत पाठवलं, आणि पोर्ट आर्डनच्या टपाल कचेरीतल्या खिडकीमागे आपलं तारुण्य संपवलं. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. पण शोनाचा संताप बापावर गेला होता, हे तिला ठाऊक होतं. गेल्याच महिन्यात वाणसामानाच्या दुकानाबाहेर इशबेल जमिनीवर लोळून किंचाळत असताना शोनाने तिचा दंड धरून तिला गदगदा हलवलं होतं, आणि डोलेनाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. नवरा अलेक्स आल्बर्टातल्या तेलाच्या खाणींवर, तीन-तीन आठवडे घराबाहेर. शोना वृद्धाश्रमात दुबार पाळ्या करून अर्धमेली. माणूस थकलं, की त्याच्यातून कोण बाहेर येईल, काय सांगावं?

इशबेलला सरळ विचारता आलं असतं. ती पोर कधी खोटं बोलत नसे, तिला ते जमतच नसे. आणि म्हणूनच डोलेनाने विचारलं नाही! ते दोन शब्द, 'शोना गिलिस', तिला त्या निष्पाप तोंडून ऐकायचे नव्हते...

दुसऱ्याच दिवशी शाळेतून दोघींना बोलावणं आलं.

मुख्याध्यापकांच्या शेजारच्या छोट्या खोलीत मिसेस पेट्री, इशबेलच्या वर्गशिक्षिका, बसल्या होत्या. सव्वीस वर्षं शिकवलेली, ताठ कण्याची बाई. त्यांच्या शेजारी बालकल्याण खात्याच्या मिस बूद्रो होत्या, मांडीवर फाइल घेऊन.

"हातावरचे वळ मीच पाहिले, आणि खात्याला मीच कळवलं," मिसेस पेट्री म्हणाल्या. "मला त्याचं वाईट वाटत नाही."

"सकाळी इशबेलशी बोलले मी," मिस बूद्रो म्हणाल्या. त्यांनी कागद वाचला. "मी विचारलं, तुझा हात कुणी दाबतं का? ती म्हणाली, डोलेना बीटन. विचारलं, हळू की जोरात? ती म्हणाली, जोरात. रोज. चार वाजता."

शोनाची मान गर्रकन वळली.

"ते... ते तिला बरं वाटावं म्हणून..." डोलेना अडखळली.

"बरं वाटावं म्हणून?" मिसेस पेट्रींच्या भुवया वर गेल्या. "बाई, असं सांगणारे खूप पाहिलेत मी."

मिस बूद्रोंनी फाइल मिटली. "हे बघा, वळ कुणी केले हे स्पष्ट होत नसेल, तर चौकशी होईपर्यंत मुलीला दोन्ही घरांपासून लांब ठेवावं लागेल. ओळखीचं कुटुंब नसेल, तर अनोळखी."

अनोळखी घर! जिथे ताट बदललं तर जेवण सुटतं, उशीची खोळ बदलली तर झोप उडते, त्या लेकराला अनोळखी घर! डोलेनाने बहिणीकडे पाहिलं. शोनाचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मांडीवरचे तिचे हात थरथर कापत होते, अगदी बापाचे हात दारू उतरल्यावर कापायचे तसे. हिनेच केलंय... डोलेनाच्या अंतःकरणात ती खात्री सुरीसारखी उतरली. हिनेच! आणि हे लोक खणत गेले, की हिच्यापर्यंत पोचणार, आणि मग ही पोर कायमची जाणार, आणि माझी शोना वेडी होणार...

"मीच केलं," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"माझ्याच हातून झालं. जोर जास्त लागला. आईला काही माहीत नव्हतं. पोरीला तिच्या घरीच राहू द्या. मी पुन्हा जवळ जाणार नाही."

शोना उठली. तिचा हात वर गेला, हवेत थांबला, आणि तिने तो स्वतःच्याच छातीशी घट्ट दाबून धरला.

"मी तिला तुझ्या भरवशावर सोडत होते, डोली! तुझ्या! आजपासून माझ्या मुलीच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस."

"शोना..." दाराशी गेल्यावर डोलेना एवढंच बोलली, "तिच्याशी शांतपणानं वाग गं."

"तू मला शिकवणार?" शोना ओरडली. "तू?"

पोर्ट आर्डन हे लहान गाव, आणि टपाल कचेरी म्हणजे त्याचं नाक. आठवडाभरात लोक डोलेनाच्या खिडकीवर यायचे बंद झाले. शेजारच्या खिडकीवर दहा माणसांची रांग, आणि हिची मोकळी! शेवटी पोस्टमास्तर ओशाळून म्हणाले, "डोली, काही दिवस मागे टपाल लावायला बस. वारा जरा पडू दे." ती मागच्या खोलीत गेली. इशबेलसाठी लवकर घरी जायचं कारण आता उरलं नव्हतं. रोज चार वाजता तिचे हात आपोआप थांबत. समोर पत्रांचा ढीग असे, आणि ती रिकामे तळवे मांडीवर ठेवून सव्वाचार होण्याची वाट पाहत बसे.

अपमान तिने सोसला असता. तिला पोखरत होतं ते वेगळंच. मी शोनाला वाचवलं, पण इशबेलचं काय? ज्या हातांनी वळ उठवले, त्याच हातांत मी त्या लेकराला एकटं सोडून आले का? हा त्याग होता, की भ्याडपणा?

जानेवारीत एकदा तिला दोघी रस्त्यापलीकडे दिसल्या. कडेला बर्फाचे ढीग होते. इशबेल मध्येच खिळल्यासारखी थांबली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डोलेना बीटन! चार वाजून गेलेत! एकोणसत्तर दिवस चार वाजून गेलेत!"

शोनाने कोटाच्या बाहीला धरून तिला ओढलं. ओढताना बाही सरकली, आणि डोलेनाला दिसलं, मनगटाच्या वर एक नवा, गडद वळ!

त्या क्षणी तिच्या हृदयाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यात सहा वर्षांची शोना होती, तिच्या पाठीआड लपलेली. दुसऱ्यात इशबेल होती, जिच्यापुढे उभी राहायला कुणाचीच पाठ नव्हती! तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मिस बूद्रोंचा नंबर लिहिलेला कागद काढला आणि मागच्या खोलीतल्या फोनवर हात ठेवला. सांगून टाकायचं. मी खोटं बोलले. माझ्या बहिणीला वाचवायला बोलले. मुलीला तिथून काढा... तिने पहिले तीन आकडे फिरवलेही होते, तेवढ्यात मागचं दार ठोठावलं गेलं.

दारात मिसेस पेट्री उभ्या होत्या. एवढ्या थंडीत हातमोजे नाहीत, कोटाची बटणं चुकीची लावलेली.

"फोन खाली ठेवा, मिस बीटन. कुणालाही करत असाल तर आधी माझं ऐका."

डोलेनाने फोन ठेवला. मिसेस पेट्री टपालाच्या पिशव्यांमधल्या स्टुलावर बसल्या.

"नवे वळ दिसले मला. तुम्ही तर जवळपासही नव्हता. मग मला वाटलं, आईच. गेला आठवडाभर मी त्या बाईवर डोळा ठेवून होते. दारात सोडायला येते तेव्हा, न्यायला येते तेव्हा. सोमवारी सकाळी मी इशबेलचे हात पाहिले, कोरे होते. दुपारी पाहिले, तर वळ! शाळेतच, मिस बीटन! माझ्याच वर्गात! काल मी कोट अडकवायच्या खोलीत दाराआड उभी राहिले. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. तुम्हाला माहीत असेल, सप्टेंबरपासून नवी विजेची घंटा बसवलीये, आमच्या वर्गाच्या अगदी डोक्यावर. मला तर ती आता ऐकूही येत नाही. ती पोर कान झाकून धावत आत आली. बूट ठेवायची लोखंडी मांडणी आहे ना? तिच्या दोन गजांमध्ये तिने आपला हात घातला, आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. मिटलेले डोळे... आणि हळूहळू श्वास..."

डोलेनाने टेबलाची कड धरली.

"एरवी मी ओरडले असते. काल नाही ओरडले. जवळ जाऊन खाली बसले, आणि विचारलं, 'यानं बरं वाटतं?' ती म्हणाली, 'थोडं. डोलेना बीटनसारखं नाही. डोलेना बीटन टोचत नाही.'" मिसेस पेट्रींचा ताठ कणा एकाएकी वाकला. "फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या अंगावर खुणा असायच्या, आणि मी काही बोलले नाही. नंतर फार वाईट झालं. तेव्हा शपथ घेतली, पुन्हा गप्प बसणार नाही. म्हणून मी विचारत सुटले, कोण, कोण, कोण! 'का' असं एकदाही विचारलं नाही. ऑटिझमवरचं प्रशिक्षण घेतलंय मी. प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय. आणि चार महिने ती मुलगी माझ्यापासून वीस पावलांवर..."

त्या रडल्या. डोलेनालाही रडायचं होतं, पण तिच्या मनात आनंदाच्या आधी एक भयंकर गोष्ट उभी राहिली होती. शोनाने काहीच केलं नव्हतं! कधीच नाही! आणि मी...

"एक विचारू?" डोळे पुसत मिसेस पेट्री म्हणाल्या. "न केलेला गुन्हा तुम्ही कबूल का केलात?"

डोलेनाने समोरच्या ढिगातलं एक पाकीट उगाच उचलून परत ठेवलं. मिसेस पेट्रींना तिच्या चेहऱ्यावर उत्तर दिसलं.

"अच्छा," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे संशय फक्त माझ्याच मनात नव्हता. मिस बूद्रोंना मी सगळं कळवलंय, तुमच्या बहिणीलाही बुटांच्या मांडणीचं सांगितलंय. हे दुसरं मात्र तुम्हीच तिला सांगा." मग त्यांनी कोटाची बाही वर सारली आणि हात पुढे केला. "आता मला शिकवा. कसं दाबता?"

आणि टपालाच्या ढिगांमध्ये बसून, जिला गावाने वाळीत टाकलं होतं त्या बाईने आपल्यावर आळ घेणाऱ्या बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बोटांनी नाही, तळव्यांनी. हाडाला हाड लागू द्यायचं नाही. आणि बोलायचं नाही. तिला वाटेल तेव्हा ती 'पुरे' म्हणते, तोवर सोडायचं नाही."

मिसेस पेट्री बराच वेळ 'पुरे' म्हणाल्या नाहीत.

शनिवारी सकाळी डोलेना शोनाच्या दारात उभी राहिली. शोनाने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. तिचे डोळे सुजलेले होते.

"मांडणीचं कळलं मला," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, मी तुझ्याकडे यायला निघते आणि परत फिरते. एकच गोष्ट समजत नाही मला. तू का सांगितलंस, मीच केलं म्हणून?"

"तिला तुझ्यापासून तोडू नये म्हणून."

"पण मी तर काही केलंच नव्हतं. मग मला काय होणार होतं..." शोना बोलता बोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. "डोली... तुला वाटलं, मी?"

"तुझे हात कापत होते, शोना. त्या खोलीत. मला वाटलं..."

"भीतीने कापत होते!" शोना किंचाळली. "जिने मला वाढवलं ती माझ्या लेकीला दुखवेल, हे माझ्या मनाला पटत नव्हतं म्हणून कापत होते! आणि तू माझ्याकडे बघून काय पाहिलंस? बाबांना पाहिलंस! सगळ्या जगासमोर माझ्यासाठी सुळावर चढलीस, आणि मनात मला बाबा ठरवलंस! यापेक्षा माझ्यावर ओरडली असतीस, मला चार थोबाडीत दिल्या असत्यास तरी चाललं असतं गं..."

"दुकानाबाहेर तू तिला हलवलंस, ते मी पाहिलं होतं."

शोना तिथेच उंबऱ्यावर बसली.

"हो. हलवलं. त्या दिवशी माझ्याच हाताची मला एवढी दहशत बसली, की तेव्हापासून मी तिला हात लावलेला नाही. बाहीला धरते. केस विंचरते ते लांबून. आई असून तिला कवेत घेत नाही, डोली! म्हणून तर तुझ्यावर विश्वास ठेवला होता. तू दाबायचीस ना, मला हेवा वाटायचा तुझा. आणि मग तेच कारण करून मी तुला हाकललं... मीही तेच केलं की. तुला एकदाही विचारलं नाही."

डोलेना तिच्या शेजारी बसली. दोन बहिणी, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या, आणि अडीच महिने एकमेकींना गुन्हेगार समजून जगलेल्या! दोघींना रडू आवरेना.

"मला क्षमा कर, शोना."

"आज नाही जमणार," शोना नाक पुसत म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला फार लागलंय. पण आत ये. थंडी येतेय."

आतून पावलं वाजली. इशबेल दारात येऊन उभी राहिली. तिने डोलेनाकडे पाहिलं नाही, तिच्या हातांकडे पाहिलं.

"डोलेना बीटन, आत्ता दहा वाजलेत. चार नाही."

"चालेल का पण?"

इशबेलने विचार केला. "चालेल."

डोलेनाने हात पुढे केले, आणि मग मागे घेतले. तिने शोनाचे तळवे धरून इशबेलच्या दंडांवर ठेवले. शोना दचकली. "नको... माझा हात..."

"तळव्यांनी," डोलेना म्हणाली. "मी आहे ना."

शोनाने दाबलं. आधी घाबरत. "जोरात," इशबेल म्हणाली. "हे गुदगुल्यांसारखं आहे. वाईट आहे. जोरात." शोनाने डोळे मिटून जोर लावला. पोरीचे खांदे खाली आले. तिचा श्वास लांबला. आईच्या मिटलेल्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, आणि लेक गंभीरपणे तिला शिकवत होती, "आता खाली. आता थांब. मोजू नकोस."

पुढे मिस बूद्रोंनी फाइल बंद केली. शाळेने त्या मजल्यावरची घंटा काढली, आणि मिसेस पेट्री आता फळ्यासमोर हात उंचावून सुट्टी सांगतात. गावातल्या किती जणांनी डोलेनाची माफी मागितली, ते विचारू नका. दोघांनी. पण ते सगळं नंतरचं.

त्या सकाळी, 'पुरे' म्हटल्यावर, इशबेल टेबलाशी बसली आणि दोघींकडे आळीपाळीने पाहत म्हणाली, "मिसेस पेट्री म्हणाल्या, डोलेना बीटन खोटं बोलली. का?"

"कारण मला माहीत नव्हतं, बाळ, की तुझ्या हाताला काय झालंय."

इशबेलच्या कपाळावर आठी पडली. मोठ्या माणसांचं वागणं तिला नेहमीच फार अवघड वाटे.

"पण मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला विचारायचं ना."

शोनाने टेबलावरून हात पुढे केला आणि बहिणीचं मनगट धरलं, भक्कम, अजूनही थोडं रागाने, आणि सोडलं नाही.